प्लास्टरच्या आधी नेटच्या वायरचं बघून घ्या, वायफाय नंतर कधीपण लावता येतंय

कोल्हापूरजवळ पाचगावात मेव्हण्याच्या घराचं काम चालू आहे, खाली हॉल-किचन आणि वर दोन खोल्या. गेल्या रविवारी साईटवर गेलो तर वायरमनने लाईटचे पाईप सगळीकडे भिंतीत घातलेले आणि नेटसाठी एकपण नाही, विचारलं तर म्हणतोय "आता सगळं वायफायवर चालतंय की वो, वायर कशाला पायजे". प्लास्टरला चार दिवस होते म्हणून बरं, वेळेत सापडलं. त्याच्यासाठी जे सांगितलं तेच इथं लिहितोय कारण हा प्रश्न लोकांना वास्तुशांत झाल्यावर पडतो आणि तेव्हा भिंत फोडायची कुणाची तयारी नसते.

वायर का वायफाय असं एकच निवडायची गरजच नाही. जे एका जागी बसून असतं, म्हणजे टीव्ही, कामाचं टेबल, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, त्याला वायर द्या आणि मोबाईल, लॅपटॉप, पोरांचे टॅब वायफायवर सोडा. आणि वरच्या मजल्यावर चांगलं वायफाय पाहिजे असेल तर तिथंपर्यंत पण वायरच न्यावी लागते, हे ऐकून मेव्हणा हसला होता, पण माझ्या घरी मी दीड वर्ष भोगलंय.

झालं असं की फायबर जोडायला आलेल्या माणसाने केबल आत आली तिथंच, मेन दरवाज्याच्या मागं, राऊटर ठोकला. वर बेडरूममध्ये एक काडी यायची. बायकोचं ऑफिस घरनं, मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. मग रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढं सोडणारा डबा, आणला, काड्या फुल्ल पण स्पीड निम्मा, कारण साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच्यावरच पुढं बोलतो, एका वेळी एकच काम. शेवटी जिन्याच्या कडेनं केसिंग पट्टी मारून एक केबल वर नेली, वर एक ॲक्सेस पॉईंट, म्हणजे केबलीवरचं नेट वायफायने सोडणारा डबा, लावला, आणि त्या दिवसापासून तक्रार नाही. पट्टी मात्र अजून दिसती आणि दिसली की वाईट वाटतं, तीच केबल भिंतीतनं गेली असती.

वायफाय कमी पडतं ते स्लॅब आणि भिंतीमुळं. स्लॅबमध्ये सळईची जाळी असती, बाहेरच्या भिंती नऊ इंची, आणि शिवाजी पेठ-मंगळवार पेठेतल्या जुन्या दगडी वाड्यात तर विचारूच नका. 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय लांब जातं पण त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11, त्यामुळं राजारामपुरीतल्या अपार्टमेंटमध्ये मोबाईल उघडला की शेजाऱ्यांची पंधरा नावं दिसतात आणि सगळे त्याच तीन रस्त्यांवर. 5 गिगाहर्ट्झचं जोरात पळतं पण भिंतीपलीकडं लवकर दमतं. तुमचा प्लॅन 100 एमबीपीएसचा असेल तर वायरने तो वाढणार नाही, फक्त आहे तेवढा कायम मिळतो, तुटत नाही, मीटिंगला तेच पाहिजे असतं.

आता साईटवर काय करायचं ते. घराच्या साधारण मधोमध एक जागा ठरवा, तिथं राऊटर आणि नेटचा स्विच (राऊटरचं नेट अनेक केबलींना वाटणारा डबा) बसेल, दोन-तीन लाईटचे सॉकेट पाहिजेत, इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या म्हणजे वळवात लाईट गेली तरी नेट राहतंय. लोखंडी कपाटात किंवा मीटरबोर्डाच्या पेटीत नको. बाहेरनं फायबर येणार त्याला खांबाकडच्या भिंतीपासून या जागेपर्यंत एक पाईप, आणि इथनं प्रत्येक टीव्हीच्या भिंतीला, टेबलाच्या जागेला, वरच्या मजल्याच्या पॅसेजच्या छताला एकेक. 25 एमएमचा पाईप घ्या, कोपऱ्यावर काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड घाला, नाहीतर फायबर वळताना मोडतं आणि केबल ओढताना अडकती. लाईटच्या पाईपमध्ये नेटची केबल अजिबात घालू देऊ नका, वायरमन हमखास घालतो. शेजारनं जायचं असेल तर एक फूट अंतर, क्रॉस करायचं असेल तर सरळ आडवं. आज पैसे नसतील तर नुसता पाईप आणि आत ओढायची तार ठेवा, पाईपला खर्च फारसा नाही.

नेटची केबल कॅट सिक्स प्रकारची घ्या, 1 गिगाबिट (म्हणजे 1000 एमबीपीएस) 100 मीटरपर्यंत जातं आणि 10 गिगाबिट साधारण 55 मीटरपर्यंत, घराला पुष्कळ झालं. पण प्युअर कॉपरच. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, बॉक्सवर सीसीए लिहिलेलं असतं, कधी नसतंच. दुकानात एक तार सोलून ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं निघालं की परत द्या. मी ज्या दुकानातनं पहिली घेतली होती तिची तार भिंतीवरच्या सॉकेटच्या प्लेटमध्ये बसवताना दोन वेळा तुटली.

टोकं जोडताना समोर उभं राहा. आठ तारा असतात, गिगाबिटला आठही लागतात, चारच जोडल्या तरी नेट चालतं पण 100 एमबीपीएसवर अडकतं आणि कुणाला कळत नाही. क्रम असा, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना तोच. लॅपटॉप लावून लिंकचा स्पीड 1000 एमबीपीएस दाखवतोय का बघा आणि मगच पैसे द्या.

टेरेसवरच्या कॅमेऱ्याची केबल तेवढी सांभाळून. आपल्याकडं एप्रिल-मेच्या वळवात वीज कडाडली की बाहेरच्या तांब्याच्या केबलीतनं झटका आत येतो, आमचे स्विचचे दोन पोर्ट असेच गेले. तिथं झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंग पाहिजेच.

वन बीएचके भाड्याचा फ्लॅट असेल तर यातलं काही करू नका, मधोमध उंचावर एक चांगला राऊटर ठेवा, बास.

आणि प्लास्टरच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढा, पाईपशेजारी टेप धरून, कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती ते दिसलं पाहिजे, पुढं फोटोफ्रेमला खिळा मारताना लागतंय.