उदोन घरी करताना: मीठ, पाय आणि एक जुने नाव

उदोन म्हणजे जपानमधील गव्हाच्या पिठाच्या जाड, पांढऱ्या नूडल्स. चीनमध्ये सारण भरलेल्या पिठाच्या गोळ्यांना हुन्तुन म्हणत. जपानी उच्चारात त्याचे कोन्तोन झाले, पदार्थ गरम वाढला जाई म्हणून पहिल्या अक्षराच्या जागी ‘ऊब’ या अर्थाचे ‘उन’ आले, आणि ‘उन्दोन’चे उदोन झाले, असे एक प्रचलित मत आहे. ते खरे असेल, तर गोळा जाऊन दोरी आली तरी नाव मागे उरले.

चौघांसाठी ५०० ग्रॅम मैदा, सुमारे २२५ मिलिलिटर पाणी आणि २५ ग्रॅम मीठ घ्यावे. मीठ पाण्यात पूर्ण विरघळल्यावरच ते पाणी थोडे थोडे करून पिठात घालावे. शिकोकू बेटावरील कागावा, म्हणजे जुना सानुकी प्रांत, उदोनसाठी प्रसिद्ध आहे. तेथे मिठाविषयी जुना नियम सांगतात: एक पेला मिठाला कडक उन्हाळ्यात तीन, थंडीत सहा आणि एरवी पाच पेले पाणी. उष्णतेने कणीक सैल पडते आणि मीठ तिला घट्ट धरून ठेवते, हे त्यामागचे कारण आहे. आपल्याकडील मे महिन्यात म्हणूनच मीठ थोडे वाढवावे. त्यातील बरेचसे उकळताना पाण्यात उतरते, त्यामुळे उकळत्या पाण्यात वेगळे मीठ घालू नये.

ही कणीक पोळीच्या कणकेपेक्षा खूपच घट्ट असते आणि हाताला दाद देत नाही. तिचा गोळा अर्धा तास झाकून ठेवावा, नंतर जाड प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत घालून, वर कापड पसरून टाचांनी तुडवावा. तो पसरला की घडी घालून पुन्हा तुडवावा. असे तीन-चार वेळा करावे. जपानी लोक ज्याला ‘कोशी’ म्हणतात, तो दाताखाली जाणवणारा लवचिक चिवटपणा यातूनच येतो. त्यानंतरची दोन तासांची विश्रांती मात्र कधीही टाळू नये, कारण न मुरलेली कणीक लाटताना सारखी आखडते.

तीन-चार मिलिमीटर जाड लाटून, पीठ भुरभुरून घड्या घालाव्यात आणि तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. भरपूर उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटे शिजवून, वाहत्या थंड पाण्याखाली चोळून धुवाव्यात, म्हणजे वरचा चिकटपणा जातो. गरम खायच्या असल्यास पुन्हा क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून काढाव्यात. ‘कामाआगे’ प्रकारात मात्र त्या न धुता, शिजवलेल्या गरम पाण्यासहच वाढतात आणि वेगळ्या वाटीतील सोया सॉसच्या रश्श्यात बुडवून खातात.