दिवसभर मराठी टाइप करणाऱ्यांनी कीबोर्ड असा निवडावा

तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करणारे असोत की मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांच्या टायपिंग परीक्षेची तयारी करणारे, कीबोर्ड घेताना सगळ्यांत आधी डावी शिफ्ट बघा. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या प्रमाण कळरचनेत व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला असतात आणि ख, घ, छ, झ, थ, ध अशी कितीतरी अक्षरं शिफ्ट दाबूनच येतात. म्हणजे डाव्या करंगळीला दिवसभर काम. काही कीबोर्डवर ही कळ आखूड करून शेजारी एक जादा कळ बसवलेली असते. तो घेऊ नका, करंगळी ताणून ताणून हात भरून येतो.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जाल तेव्हा खोक्यावर विसंबू नका. दुकानदाराला जोडून द्यायला सांगा आणि आपल्या रोजच्या कामातला एखादा परिच्छेद टाइप करून पाहा. मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच असलेला कीबोर्ड परवडत असेल तर जरूर घ्या. कळ साधारण ४ मिमी खाली जाते, पण अक्षर मध्यावरच उमटतं, त्यामुळे तळाशी आदळावं लागत नाही. स्विचचे प्रकार रंगावरून ओळखतात, त्यांत ब्राउन मला सगळ्यांत योग्य वाटतो. निळा फार खटखटतो, घरात कुणी झोपलेलं असेल तर त्रासच.

कळा पीबीटी या टिकाऊ प्लास्टिकच्या असाव्यात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोटांना घाम सुटतो, साध्या कळा लवकर गुळगुळीत होतात. धूळही भरपूर, म्हणून कळा काढून साफ करता येतात ना, तेही विचारा.

आणि कीबोर्डचे मागचे पाय उभे करू नका, मनगट वर वाकतं.