शाईपेनासाठी खिशातली वही कशी निवडावी

खिशात मावणाऱ्या वहीत फाउंटन पेनने लिहिले की शाई फुटते, अक्षरांच्या कडा पसरतात आणि पान उलटावे तर मागची बाजू वाया गेलेली असते. यावर उपाय म्हणून बहुतेक जण जाड कागद शोधू लागतात, आणि तेथेच वाट चुकते. जीएसएम हा आकडा एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम आहे एवढेच सांगतो. तोमोए रिव्हर हा जपानी कागद अवघा ५२ जीएसएमचा असूनही त्यावर शाई आरपार जात नाही, तर १०० जीएसएमचा एखादा कागद पहिल्याच ओळीला दगा देतो. फरक पडतो तो कागदाला दिलेल्या खळीमुळे.

सोलापूरकरांना ही गोष्ट चटकन उमगावी. मागावर चढवण्यापूर्वी उभ्या धाग्यांना खळ देतात म्हणजे ते पिंजत नाहीत. तसेच कागदाच्या लगद्यात पाणी रोखणारे द्रव्य मिसळले आणि तयार कागदावर स्टार्चचा थर दिला की तंतूंमधल्या वाटा बुजतात व शाई वरच थांबून वाळते. बाजारात मिळणाऱ्या कागदांपैकी क्रीमवोव्ह नावाच्या प्रकारावर हा वरचा थर सहसा नसतो, मॅपलिथो नावाच्या प्रकारावर असतो. त्यामुळे दुकानदाराला किंवा छापखान्यात विचारताना मॅपलिथोच मागावा. उसाच्या चिपाडांचा कागदही हलक्या दर्जाचा समजून टाळू नये. तामिळनाडूतील टीएनपीएल ही कंपनी बगॅसपासून, म्हणजे याच चिपाडांपासून, लिहिण्या-छापण्याचा कागद बनवते, आणि चिपाडाचे आखूड तंतू दाट बसत असल्याने अशा कागदाचे पृष्ठ गुळगुळीत येते.

सोलापुरात नवी पेठेपासून मधल्या मारुतीपर्यंतच्या बाजारात वही पाहायला जाताना स्वतःचा पेन, रोजची शाई भरून, बरोबर न्यावा. आवडलेल्या प्रकाराची एकच वही आधी विकत घ्यावी आणि तिच्या शेवटच्या पानावर चाचणी करावी. प्रथम नेहमीच्या वेगाने एक ओळ लिहावी, दुसरी अगदी सावकाश लिहावी, मग निब एका जागी तीन सेकंद टेकवून ठिपका सोडावा. ठिपक्याची कड गोल राहिली तर कागद चांगला. तिला काटे फुटले तर वही पेन्सिलीसाठी ठेवावी. मिनिटभराने पान उलटून पाहावे. अक्षरांची सावली मागून दिसणे चालण्यासारखे आहे, पण शाईचे ठिपके उमटले असतील तर पाठपोट लिहिता येणार नाही. कागदाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, म्हणून हीच चाचणी मागच्या बाजूवरही करावी. हिशेबाच्या छोट्या वह्याही अवश्य तपासाव्यात, कारण चांगला लेजर, म्हणजे खातेवहीचा, कागद मुळात शाईने लिहिण्यासाठीच केलेला असतो.

मात्र खिशातल्या वहीसाठी सर्वांत गुळगुळीत कागद हा सर्वांत चांगला कागद नव्हे, असे माझे ठाम मत आहे. भरपूर खळीच्या कागदावर शाई वाळायला वेळ लागतो, आणि बसथांब्यावर उभ्याने दोन ओळी टिपून वही लगेच मिटणाऱ्याला तो वेळ नसतो. त्याने मध्यम खळीचा कागद व बारीक निब अशी जोडी जमवावी, आणि वहीत टिपकागदाची एक पट्टी कायम ठेवावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा हीच पट्टी तळहाताखाली धरावी, कारण घामाने ओलावलेल्या जागी चांगल्या कागदावरही शाई पसरते. एवढे करूनही शाई फुटत असेल तर आयर्न गॉल प्रकारची, म्हणजे लोहक्षार व टॅनिनपासून केलेली, शाई वापरून पाहावी. ती साध्या कागदावरही पुष्कळ आवरून राहते, फक्त पेन वरचेवर धुवावा लागतो.

मनासारखी वही न मिळाल्यास बाइंडरकडून करून घेणे सर्वांत उत्तम. चाचणीत उतरलेल्या ए४ कागदाचे १० ताव मधोमध आडवे कापून घडी घातली की ए६ आकाराची ८० पृष्ठे होतात. ए४ तावात तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात, त्यामुळे अशा कापणीत ते घडीला समांतर येतात आणि वही सपाट उघडते. शर्टाच्या खिशासाठी कडा छाटून ९ × १४ सेंटीमीटरचा आकार करून घ्यावा. पिन घामाने गंजते, म्हणून मधोमध दोऱ्याची शिलाई मागावी. उरलेले ताव मूळ वेष्टनातच बंद ठेवावेत, म्हणजे पावसाळ्यातल्या ओलाव्याने त्यांना पोक येणार नाही.