शिशाचे सोल्डर घ्यावे की बिनशिशाचे?

सोल्डर म्हणजे इलेक्ट्रॉनिक घटकांचे पाय सर्किट बोर्डाला जोडण्यासाठी वितळवायची धातूची तार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत नुसती ‘सोल्डर वायर द्या’ असे म्हटले, तर बहुधा ६०/४० ची गुंडाळी हातात पडते. त्यात साठ टक्के कथिल आणि चाळीस टक्के शिसे असते. बिनशिशाची गुंडाळी वेगळी मागून घ्यावी लागते आणि तिला पैसेही जास्त पडतात. घरी आणून ती जुन्याच आयर्नने, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या विजेच्या अवजाराने, वापरायला घेतली की ती पटकन वितळत नाही, जोड राखाडी दिसतो, आणि शिकणारा कंटाळून पुन्हा पहिल्या गुंडाळीकडे वळतो. दुसरीकडे, शिसे विषारी असते एवढेच ऐकलेले काही पालक मुलांना सोल्डरिंगच्या जवळही फिरकू देत नाहीत. टेबलाशी कोण बसणार आहे, हाताशी आयर्न कोणते आहे आणि तयार झालेली वस्तू कोणाच्या हातात जाणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड फारशी अवघड राहत नाही.

वितळण्याचा फरक

शुद्ध कथिल २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि शुद्ध शिसे ३२७ अंशांना. मात्र ६३ भाग कथिल आणि ३७ भाग शिसे एकत्र केले, तर ते मिश्रण अवघ्या १८३ अंशांना वितळते. शिवाय ते घट्टाचे थेट पातळ होते आणि थंड होतानाही तसेच एकदम गोठते. ६०/४० मध्ये घट्ट आणि पातळ यांच्या मध्ये काही अंशांचा असा पट्टा असतो, की त्यात सोल्डर लापशीसारखे राहते. नेमक्या त्या क्षणी तार हलली तर जोड आतून तडकतो आणि वरून मात्र लागल्यासारखा दिसतो. नवशिक्याचा हात थोडा तरी हलतोच, म्हणून शिशाचे सोल्डर घ्यायचे ठरले असेल तर किमतीतला थोडा फरक सोसून ६३/३७ घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो.

बिनशिशाच्या सोल्डरमध्ये मुख्य भाग कथिलाचाच असतो. ‘सॅक ३०५’ या नावाने मिळणाऱ्या मिश्रणात ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबे असते, आणि ते २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळते. चांदी टाळून केलेले स्वस्त मिश्रण म्हणजे ९९.३ टक्के कथिल आणि ०.७ टक्के तांबे. त्याला २२७ अंश लागतात. म्हणजे शिशाच्या सोल्डरपेक्षा सुमारे ३५ ते ४५ अंश अधिक. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण स्वस्त आयर्न आणि स्वस्त बोर्ड वापरणाऱ्याला तो पहिल्याच जोडाला जाणवतो.

शिसे शरीरात कसे जाते

सोल्डर करताना उठणारा धूर म्हणजे शिशाची वाफ, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. शिसे उकळायला १७४९ अंश लागतात. ३५० अंशांच्या बिटवर, म्हणजे आयर्नच्या तापलेल्या टोकावर, त्याची वाफ नगण्य असते. दिसणारा पांढरा धूर असतो तो तारेच्या पोटात भरलेल्या फ्लक्सचा, म्हणजे मुख्यतः राळेचा. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करताना कल्हईवाला आधी नवसागर टाकून धातूवरचा मळ काढतो, तेच काम येथे राळ करते. हा राळेचा धूर निरुपद्रवी नाही. तो वर्षानुवर्षे छातीत घेणाऱ्या कारागिरांना दमा जडू शकतो, हे व्यवसायजन्य आजारांच्या क्षेत्रात प्रस्थापित झालेले आहे. बिनशिशाच्या तारेतही फ्लक्स असतोच, तो पुष्कळदा अधिक तीव्र असतो आणि तापमान जास्त असल्यामुळे धूरही अधिक निघतो. म्हणून बिनशिशाचे सोल्डर घेतले की खिडकी बंद ठेवली तरी चालते, असे कोणी समजू नये. धुरासाठी खिडकी उघडी हवी आणि धूर तोंडापासून दूर ओढून नेणारा छोटा पंखा हवा, मग गुंडाळी कोणतीही असो.

शिसे शरीरात जाते ते हातावाटे. तार बोटांत धरली की तिचा करडा अंश कातडीला लागतो. बिट पुसताना ओल्या स्पंजमध्ये आणि टेबलावर सोल्डरचे बारीक कण व राख पडते. त्याच हाताने चहाचा कप उचलला, बिस्कीट खाल्ले, दाताने तार धरली किंवा मुलाचा गाल पुसला, की तो अंश तोंडापर्यंत पोहोचतो. एका वेळी जाणारे प्रमाण फार थोडे असते, पण शिसे शरीरातून लवकर निघत नाही. ते हाडांत साठते आणि तेथे दशकानुदशके राहते. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक असल्याचे ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट अंश शोषून घेते आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर बसतो. गरोदर स्त्रीच्या रक्तातले शिसे गर्भापर्यंत जाते.

याचा अर्थ असा, की एकटा प्रौढ माणूस वेगळ्या टेबलावर, तेथे काहीही न खाता-पिता, काम संपताच साबणाने हात धुऊन आणि टेबल ओल्या फडक्याने पुसून शिशाचे सोल्डर वापरत असेल, तर धोका त्याच्या ताब्यात राहतो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोल्डरिंग होत असेल, तर तो ताब्यात राहत नाही. आपल्या शहरांतल्या दोन खोल्यांच्या घरात वेगळे टेबल ही चैन असते, हे मला माहीत आहे. पण ते शक्य नसेल तर निदान एक मोठा ट्रे किंवा कडा असलेली जुनी परात या कामासाठी कायमची वेगळी काढावी, सगळे काम तिच्यातच करावे आणि ती स्वयंपाकघरात कधीही परत नेऊ नये. काम झाल्यावर तेथे केरसुणी फिरवू नये. तिने कण उडतात, ओले फडके ते उचलते.

आयर्न आणि बोर्ड

बाजारातले साधे २५ वॅटचे आयर्न थेट प्लगमध्ये लागते आणि त्याच्या तापमानावर कसलाही ताबा नसतो. नुसते ठेवलेले असताना ते हवे त्याहून जास्त तापते आणि जाड तारेला किंवा बोर्डावरच्या तांब्याच्या मोठ्या पट्टीला (ग्राउंडला) टेकवले की लगेच थंड पडते. शिशाच्या सोल्डरला यातून निभावून नेता येते, कारण १८३ अंश आणि बिटचे तापमान यांत भरपूर अंतर असते. बिनशिशाच्या सोल्डरला ते अंतर कमी पडते. मग माणूस बिट दाबून धरतो, तीन सेकंदांचे दहा सेकंद होतात आणि तेवढ्यात बोर्डाचे नुकसान होते.

आपल्याकडे शिकताना सर्रास वापरला जाणारा तपकिरी, एका बाजूला तांब्याच्या टिकल्या असलेला भोकांचा बोर्ड कागद आणि फिनॉलिक राळेचा असतो. त्याच्या टिकल्या केवळ डिंकाने चिकटवलेल्या असतात आणि जास्त उष्णता लागली की त्या बोर्ड सोडून वर येतात. अशा बोर्डावर साध्या आयर्नने बिनशिशाचे सोल्डर लावायला शिकणे म्हणजे पहिल्याच दिवशी हिरमोड करून घेणे होय. बिनशिशाचे वापरायचे असेल तर काचतंतूचा, भोकांच्या आतही तांबे चढवलेला हिरवा बोर्ड घ्यावा आणि तापमान ठरवता येईल असे ६० वॅटच्या आसपासचे स्टेशन, म्हणजे ताबा-पेटीसह येणारे आयर्न, घ्यावे. शिशाच्या सोल्डरसाठी ३२० ते ३५० अंश आणि बिनशिशाच्या सोल्डरसाठी ३५० ते ३८० अंश ही माझ्या टेबलावरची नेहमीची मर्यादा आहे. काम होत नसेल तर तापमान चढवण्याआधी बिट बदलून पाहावे. टोकदार सुईसारख्या बिटपेक्षा छिन्नीसारखे चपटे बिट कितीतरी जास्त उष्णता पोहोचवते.

बिटचे आयुष्य हाही या हिशेबाचा भाग आहे. बिट आतून तांब्याचे असते आणि त्यावर लोखंडाचा थर असतो. वितळलेले कथिल हा थर हळूहळू खाते; कथिलाचे प्रमाण आणि तापमान जितके जास्त, तितके लवकर. म्हणून बिनशिशाचे काम करताना बिट पितळी जाळीत पुसावे, त्यावर सोल्डरची कल्हई सतत राहू द्यावी, आयर्न बंद करण्याआधी टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब ठेवावा आणि दहा मिनिटांसाठी उठायचे असले तरी आयर्न बंद करावे.

कोणी कोणते घ्यावे

शाळेतल्या कार्यशाळेसाठी, घरात मुलांसोबत करायच्या कामासाठी, आणि जेथे गरोदर स्त्री किंवा रांगते मूल आहे अशा घरासाठी मी बिनशिशाचेच सोल्डर घ्यायला सांगतो. पैसे कमी असतील तर ते घटक कमी घेऊन वाचवावेत, पण ताबा असलेले एक आयर्न घ्यावे. मुलांना नियम सांगता येतात. ते प्रत्येक वेळी पाळले जातील यावर मात्र विसंबून राहता येत नाही. खेळणे, दागिना किंवा सतत हाताळली जाणारी कोणतीही वस्तू बनवायची असेल तर तेथेही शिसे नको.

विक्रीसाठी वस्तू बनवत असाल तर निवड कायद्याने बरीचशी केलेलीच आहे. युरोपीय संघाचा ‘रोहस’ नावाने ओळखला जाणारा निर्देश १ जुलै २००६ पासून लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या कोणत्याही एकसंध भागात वजनाने ०.१ टक्क्यापेक्षा जास्त शिसे नसावे, अशी मर्यादा आली. काही उपयोगांना त्यातून सूट आहे. भारतात २०११ च्या ई-कचरा नियमांत यादीतल्या उपकरणांसाठी हीच मर्यादा आली आणि २०१६ व २०२२ च्या नियमांत ती चालू राहिली. अशा वेळी केवळ गुंडाळी बदलून भागत नाही. बोर्डावरचा सोल्डरचा मुलामाही बिनशिशाचा आहे का, हे बोर्ड बनवून घेतानाच विचारावे लागते.

वरीलपैकी काहीच लागू नसेल, म्हणजे प्रौढ व्यक्ती स्वतःसाठी रेडिओ, ॲम्प्लिफायर किंवा जुन्या यंत्राची दुरुस्ती करत असेल आणि हात धुण्याची शिस्त पक्की असेल, तर ६३/३७ हे आजही शिकायला सर्वांत सोपे आणि घटकांना सर्वांत कमी त्रास देणारे सोल्डर आहे. जुन्या यंत्रातले जोड शिशाचेच असतात, त्यामुळे तेथे तेच सोल्डर वापरणे तांत्रिक दृष्ट्याही योग्य ठरते. ताबा असलेले स्टेशन आधीच घरात असेल, तर मात्र मी त्यालाही बिनशिशाची एक छोटी गुंडाळी घेऊन हात बसवायला सुचवेन.

तिसराही एक पर्याय दिसतो: ४२ टक्के कथिल आणि ५८ टक्के बिस्मथ असलेले, १३८ अंशांना वितळणारे सोल्डर. उष्णतेने बिघडणाऱ्या नाजूक भागांसाठी ते उपयोगी आहे, पण त्याचा जोड ठिसूळ असतो आणि आपटल्यावर तुटतो. शिशाच्या जुन्या जोडावर ते कधीही लावू नये, कारण कथिल, शिसे आणि बिस्मथ एकत्र आले की सुमारे ९६ अंशांना वितळणारे मिश्रण तयार होऊ शकते, आणि तापणाऱ्या उपकरणात असा जोड सुटतो.

विकत घेताना आणि वापरताना

कथिल महाग आणि शिसे स्वस्त, म्हणून संशयास्पद स्वस्त गुंडाळीत कथिल कमी असण्याची शक्यता असते. ४०/६० चे सोल्डर पूर्ण पातळ व्हायला २३५ अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणजे शिसे जास्त आणि त्रास बिनशिशाच्या सोल्डरएवढा. प्रमाण छापलेले नसेल ती गुंडाळी घेऊ नये. छापलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला सहसा कथिलाचा असतो. जाडी एसडब्ल्यूजी या तारेच्या जाडीच्या ब्रिटिश मापात सांगतात. २२ एसडब्ल्यूजी म्हणजे सुमारे ०.७ मिमी, आणि छंदाच्या बहुतेक कामांना तीच पुरते. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट इलेक्ट्रॉनिक्सला चालत नाही, ती तांबे कुरतडते.

शिशाचा चांगला जोड चकचकीत दिसतो आणि मळकट दिसला तर तो कच्चा असल्याचा संशय घ्यावा, असे आपण शिकलेलो असतो. हा निकष बिनशिशाच्या जोडाला लावू नये, कारण तो चांगला असतानाही किंचित निस्तेज आणि दाणेदार दिसतो. त्याच्या कडा पाहाव्यात: सोल्डर टिकलीवर आणि पायावर आतल्या बाजूला वळत चढले असेल तर जोड चांगला, आणि पानावरच्या दवासारखा गोळा होऊन बसले असेल तर तो पुन्हा करावा.

दोन्ही प्रकार घरात असतील तर बिट, स्पंज आणि जाळी वेगवेगळी ठेवावीत आणि गुंडाळ्यांवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. कारखान्यातून आलेल्या बिनशिशाच्या बोर्डावरचा हट्टी घटक काढायचा असेल, तर त्याच्या पायांवर थोडे ६३/३७ वितळवून मिसळावे. मिश्रणाचे वितळण्याचे तापमान उतरते आणि पंपाने सोल्डर ओढून घेणे सोपे होते. नंतर ती जागा विकने, म्हणजे सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, स्वच्छ करून नवे सोल्डर लावावे. पंपातून निघालेले गोळे, तारेचे तुकडे आणि वापरलेला स्पंज घरच्या कचऱ्यात टाकू नये. झाकणाच्या बरणीत ते साठवावेत, बरणीवर ‘शिसे’ असे लिहावे, ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी आणि भरली की ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.