बाहेरचं वारं आधी कोणत्या टेबलावर लागतं, ते कसं शोधायचं

बावीस वर्षं मी खरेदी विभागात काढली. कंपनीवर बाहेरून काय काय येऊ शकतं, याचं दरवर्षी एक सादरीकरण व्हायचं. राजकारण, अर्थव्यवस्था, समाज, तंत्रज्ञान, पर्यावरण, कायदा असे सहा रकाने. तक्ता सुबक असायचा आणि पुढच्या वर्षी तारीख बदलून तोच परत यायचा. रकान्यांत चूक काहीच नव्हती. पण ‘व्याजदर वाढण्याची शक्यता’ हे वाचून उद्या सकाळी कुणी काय वेगळं करायचं, ते त्यातून उमगत नसे. म्हणून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करते.

कोण कुणाच्या हाताखाली आहे हे दाखवणारा तुमच्या कंपनीचा कागद काढा. प्रत्येक चौकटीपुढे लिहा: ही कधी आली, आणि कशामुळे? बऱ्याच चौकटी कुणी हौसेने आखलेल्या नसतात. युरोपात मे २०१८ मध्ये जीडीपीआर हा लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्यात मोठ्या उल्लंघनाला जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड आहे, तेव्हा कित्येक कंपन्यांत ‘माहिती संरक्षण अधिकारी’ ही खुर्ची आली. अमेरिकेत एन्रॉन आणि वर्ल्डकॉम या कंपन्यांचे हिशेबाचे घोटाळे झाले, २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला आणि हिशेब खरे असल्याची ग्वाही खुद्द मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला सहीनिशी द्यावी लागू लागली. त्या एका सहीसाठी खाली तपासणीची अख्खी उतरंड उभी राहिली. तुमच्या कागदावरही असे जुने फटके दिसतील. ज्या चौकटीचं कारण कुणालाच आठवत नाही, तिच्यावर खूण करून ठेवा. तो फटका ओसरला असेल आणि माणसं मात्र अजून अहवाल भरत असतील.

आता मुख्य काम. कंपनीत जे जे येतं आणि जे जे बाहेर जातं, त्याची यादी करा: माल, पैसा, माणसं, परवाने, ऑर्डरी. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा. हे बिघडलं तर सगळ्यात आधी कुणाला कळेल? आणि त्याच्याकडून निर्णय घेणाऱ्यापर्यंत बातमी जायला किती दिवस लागतील? पहिल्या प्रश्नाला ‘खरेदी विभाग’ हे उत्तर चालणार नाही, माणूस हवा.

दिवसांचा हा आकडा मी एवढा का धरून बसते, त्याचं कारण सांगते. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेतल्या अल्बुकर्क इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. आग काही मिनिटांत विझली, पण धुराने आणि पाण्याने धूळमुक्त खोल्या खराब झाल्या. फोन बनवणाऱ्या नोकिया आणि एरिक्सन, दोघीही त्याच कारखान्याच्या गिऱ्हाईक. दोघींनाही आधी थोड्याच दिवसांचा उशीर सांगितला गेला. नोकियाने त्या मालावर रोज नजर ठेवली, बातमी लगेच वर गेली, दुसरे कारखाने शोधले गेले. एरिक्सनमध्ये ती बराच काळ खालीच राहिली आणि त्या चिपला दुसरा पुरवठादारही नव्हता. सुमारे ४० कोटी डॉलरांची विक्री हुकली. पुढच्याच वर्षी एरिक्सनने फोनचा धंदा सोनीबरोबर भागीदारीत नेला.

आमचा आकडा एकदा ४१ दिवस निघाला होता. एका पुरवठादाराने एक रसायन बनवणं बंद करत असल्याचं पत्र पाठवलं. त्यांच्याकडे आमचा पत्ता होता तो बिलांच्या टेबलाचा. तिथल्या मुलीने ते नीट फाईलला लावलं. तिची चूक काय? पत्र कुणाला दाखवायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगण्याचं काम माझं होतं. त्यानंतर तिला थेट कारखानाप्रमुखांकडे जाण्याची मुभा दिली. नवा विभाग काढला नाही.

काही गोष्टी मात्र अशा आदळत नाहीत, पुराच्या पाण्यासारख्या चढतात. त्या कुठल्याच टेबलावर पत्र पाठवत नाहीत. आगीचा वास इतक्या लवकर घेणाऱ्या नोकियालाच २००७ मध्ये आलेल्या आयफोनशी जुळवून घेता आलं नाही आणि २०१४ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. पुरवठ्याच्या दारावरचा जागता पहारा इथे कामाचा नव्हता. गिऱ्हाइकांच्या दारासाठी माझा उपाय साधा आहे: जी गिऱ्हाइकं सोडून गेली, त्यातल्या पाचांना दर तिमाहीला फोन करा. आहेत ती गिऱ्हाइकं गोड बोलतात.

आकडे हाती आले की बदलायचं काय? माझ्या मते तीनच गोष्टी खऱ्या अर्थाने बदलता येतात: निर्णय कोण घेतो, साठा किती ठेवायचा आणि कुणावर अवलंबून राहायचं. साठ्याबद्दल भाबडेपणा नको. ‘लागेल तेव्हाच माल’ ही रीत जगाला शिकवणाऱ्या टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर पुरवठादारांना काही महिन्यांच्या चिप्स राखून ठेवायला सांगितलं. २०२१ च्या टंचाईत इतरांची उत्पादनं थांबली तेव्हा टोयोटा काही महिने तगली, आणि सप्टेंबरमध्ये तिलाही जगभरचं उत्पादन ४० टक्क्यांनी कापावं लागलं. साठ्याने दिवस विकत मिळतात. त्या दिवसांत काय करायचं, ते आधी लिहून ठेवा.

दर तीन महिन्यांनी अर्धा तास बसा, सादरीकरणाशिवाय. यादीतल्या प्रत्येक माणसाला एकच विचारा: ‘बाहेरून असं काय आलं, जे कुणाला सांगावं ते कळलं नाही?’ पहिल्या बैठकीत सगळे गप्प होते. मग गेटवरचे काका म्हणाले, एका वाहतूकदाराचे ड्रायव्हर दोन महिने दर आठवड्याला बदलताहेत, जुने म्हणतात पगार थकलाय. आम्ही त्याच दुपारी दुसऱ्या वाहतूकदाराशी बोललो. पंधरवड्यात पहिल्याच्या गाड्या यायच्या बंद झाल्या.