बाल्सा मागवण्याआधी: एकास पाच मापाच्या हरिकेनची तयारी

हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची, रेडिओवर उडणारी एकास पाच मापाची प्रतिकृती बांधायची असेल, तर पहिलं काम बाल्सा, म्हणजे मॉडेलचं हलकं लाकूड, मागवणं नाही. मोजपट्टी घेऊन खाली पार्किंगमध्ये जा. खऱ्या हॉकर हरिकेनचा पंखविस्तार ४० फूट, म्हणजे १२.१९ मीटर. एकास पाच मापात तो २.४४ मीटर होतो, आणि धड जवळजवळ दोन मीटर. गाडीची मागची सीट पाडा, पुढची डावी सीट जमेल तितकी झुकवा आणि डिकीपासून डॅशबोर्डपर्यंत मोजा. मग लिफ्ट तिरकी मोजा. लिफ्टमध्ये बसत नसेल तर जिन्याच्या वळणावरचा कठडा बघा. पहिल्या मोठ्या विमानाच्या वेळी मी यातलं काहीच केलं नव्हतं. अखंड पंख शेवटी गॅलरीतून दोरीनं खाली सोडावा लागला आणि खाली निम्मी सोसायटी 'जपून, जपून' म्हणायला हजर होती.

आता विमान कोणतं? सगळ्यांना हरिकेनच्याच काळातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान, स्पिटफायर, हवं असतं, मलाही हवं होतं. पण चित्रातलं विमान आणि आपल्या माळरानावर उतरणारं विमान यांत फरक आहे. खऱ्या स्पिटफायरच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे १.७४ मीटर, हरिकेनचं २.३१. एकास पाचमध्ये हे ३५ सेंटिमीटर विरुद्ध ४६ सेंटिमीटर होतं, आणि ढेकळांच्या गवतावर हे अकरा सेंटिमीटर पंखाचं टोक वाचवतात. हरिकेनचा पंखही जाड आहे. मुळाशी जाडी रुंदीच्या सुमारे १९ टक्के, स्पिटफायरची १३. जाड पंखात उंच स्पार (पंखाची मुख्य आडवी तुळई) बसतो आणि सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिट्रॅक्ट (चाकं आत दुमडणारी यंत्रणा), वायरिंग यांना कोंबाकोंबी करावी लागत नाही. शिवाय खऱ्या हरिकेनचा पंख तीन भागांत असतो: चाकांसकट मधला सपाट भाग आणि दोन बाहेरचे, वर चढत जाणारे. सांधा तिथेच ठेवा. बाहेरचे तुकडे मीटरभराचे होतात आणि पार्किंगमधला प्रश्न बराचसा सुटतो.

तिसरी सोय मला सर्वांत आवडते. हरिकेनच्या धडाचा मागचा अर्धा भाग पत्र्याचा नव्हताच. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून कापड. बाल्साचे स्ट्रिंगर, म्हणजे लांब पट्ट्या, लावून वर कापड ताणलं की आपण नक्कल करत नाही, हरिकेनचा रचनाकार सिडनी कॅम याच्या पद्धतीनंच विमान बांधत असतो. पत्र्याच्या धडाचं अमेरिकन मस्टँग करणाऱ्यांना हजारो रिवेट ठिपकत बसावं लागतं, तेवढ्या वेळात आपलं धड मढवून होतं.

लाकूड अजूनही मागवू नका. आधी एक विशिष्ट विमान निवडा, 'एक हरिकेन' नको. १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची १ क्रमांकाची स्क्वाड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेनच उडवत होती. त्या आघाडीवरच्या विमानांच्या वर्तुळचिन्हातला लाल ठिपका काढून टाकलेला असे, कारण जपानी विमानांवर लाल गोळा होता आणि घाईत आपलाच माणूस गोळी घालायचा. गडद निळा आणि फिका निळा, एवढेच दोन रंग. जुन्या फोटोंमधून एक अनुक्रमांक धरा आणि त्याच विमानाचे जितके कोन मिळतील तितके जमवा. दिल्लीच्या पालम संग्रहालयात हरिकेन उभं आहे. आकार, सांधे, चाकांची दारं यांसाठी ते जरूर बघा, पण संग्रहालयातल्या विमानांना पुन्हापुन्हा रंग लागलेला असतो, तेव्हा रंगसंगती जुन्या फोटोंवरूनच घ्या. उष्ण प्रदेशातल्या हरिकेनच्या हनुवटीखाली व्होक्स कंपनीचा धुळीचा फिल्टर असायचा, तोंडाखाली मोठा फुगवटा. दिसायला बेढब, पण आपल्याला वरदान: इंजिनाला थंड हवा घेण्याची वाट त्यातूनच काढता येते आणि कोणी नाक मुरडत नाही.

आता वजन. हरिकेनच्या पंखाचं क्षेत्रफळ २५७.५ चौरस फूट. एकास पाचमध्ये त्याचा पंचविसावा भाग, म्हणजे सुमारे ९६ चौरस डेसिमीटर. विमान ११ किलोंचं झालं तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ११५ ग्रॅम येतात आणि ते सभ्यपणे उतरतं. १४ किलोंचं झालं तर १४६, आणि मग उतरताना वेग जरा पडला की एक पंख खाली जातो. हे तीन किलो कुठून येतात? इंजिनातून नाही, ते शेपटीतून येतात. हरिकेनचं नाक आखूड आहे. मागे १० ग्रॅम वाढले की पुढे ३० ग्रॅमच्या आसपास शिसं घालावं लागतं. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बांधकामाच्या टेबलावर आणून ठेवा (घरात आधी विचारा) आणि बाल्साची प्रत्येक फळी तोलून तिच्यावर पेन्सिलीनं वजन लिहा. हलकी फळी शेपटीला, मध्यम रिबना (पंखाला आकार देणाऱ्या उभ्या फळ्यांना), जड आणि कडक स्पारला. शेपटीकडे इपॉक्सी वापरायचीच नाही, पांढरा गोंद पुरतो. रडर (शेपटीचं डावं-उजवं सुकाणू) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा भाग) यांचे सर्व्हो मागे न लावता पंखाच्या वर, धडात बसवा. रडरला दोन तारा आणि एलिव्हेटरला कार्बनची नळी मागे न्या. शेपटीचं चाक खऱ्या विमानात स्थिर होतं, त्यामुळे तिथे रिट्रॅक्टचा मोह होण्याचं कारणच नाही.

पंखाच्या टोकाला दोन अंशांचा वॉशआउट, म्हणजे पुढची कड खाली झुकवणारा पीळ, द्या. त्यासाठी बांधताना रिबना टेबलावर टेकवणारे पाय कापण्याआधी टेबल स्वतः सपाट आहे का, ते काचेची पट्टी ठेवून तपासा. जुनं दार हे उत्तम टेबल असतं, ते वाकलेलं नसेल तर.

इंजिन ५५ सीसीच्या आसपासचं पेट्रोल टू-स्ट्रोक घ्या. प्रॉपेलर २२ किंवा २३ इंची. मापाप्रमाणे २७ इंची लागेल, पण तो जमिनीला घासतो, म्हणून मोठा फक्त दाखवायला, घरी. पेट्रोलच्या नळीसाठी सिलिकॉन चालत नाही, ती फुगते आणि निसटते. पेट्रोलला टिकणारीच नळी घ्या. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. तेव्हा उडवून झालं की टाकी रिकामी करायची आणि कार्ब्युरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालवायचं. कार्ब्युरेटरच्या पडद्यांचा एक जादा संच डब्यात असू द्या. नाकात हवा आत यायला जेवढी जागा, त्याच्या निदान दुप्पट बाहेर जायला ठेवा. हे लोक विसरतात, मग पाचव्या मिनिटाला हवेत इंजिन गळपटतं. इग्निशन बंद करण्याचा स्विच ट्रान्समीटरवरून चालणारा हवाच, त्यात काटकसर नको.

रिट्रॅक्टवर मात्र पैसे खर्च करा, कॉकपिटमधल्या घड्याळांवर नंतर. चाकं आत आणि थोडी मागे दुमडतात, त्यामुळे चाकं वर गेली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो चाकं वर ठेवून आणि टाकी रिकामी असताना तपासा, कारण सर्वांत वाईट स्थिती तीच. चाकं खाली असताना त्यांचा आस पंखाच्या पुढच्या कडेच्या थोडा पुढे यायला हवा, नाहीतर विमान गवतात नाक खुपसतं. हरिकेनची दोन-सी आवृत्ती केलीत तर पंखातून चार २० मिलिमीटरच्या तोफा बाहेर येतात. त्या काढता येतील अशा करा, पहिल्याच वाहतुकीत दोन तुटतात.

विद्युत भागात दोन स्वतंत्र बॅटऱ्या, दोन स्वतंत्र स्विच, धातूचे दाते असलेले सर्व्हो आणि जाड तारा. रिसिव्हर इग्निशनपासून निदान फूटभर लांब. सिग्नल गेला तर थ्रॉटल बंद, हे फेलसेफ आधी बसवा आणि ट्रान्समीटर खरोखर बंद करून बघा. रेंज तपासायची ती इंजिन चालू ठेवून.

आता पंचांग. पुण्यात आषाढ-श्रावणात बाल्सा ओल पिते, सकाळी सरळ असलेला पंख संध्याकाळी मुरडतो आणि डोप (कापड ताणून घट्ट करणारं लॅकर) मारला तर पांढरा पडतो. पावसाळ्यात फक्त छोटी कामं काढा: कॉकपिट, रिट्रॅक्टची दारं, वायरिंग. पंख दसऱ्यानंतर धरा, कापड आणि रंग पुढच्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे दोन हिवाळे लागतील. जो एका हिवाळ्यात करून दाखवतो, त्याच्या शेपटीचं वजन विचारा.

मैदान बघण्याआधी डिजिटल स्काय, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी नकाशा, उघडा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ती २०० फूटच, पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी आणि लाल क्षेत्रात जायचंच नाही. लोहगाव विमानतळ जवळ असल्यानं पुणेकरांना हा नकाशा पाठ हवा. मोकळी पट्टी शंभर मीटरच्या वर हवी. पिकं निघाल्यावरचं शेत मिळालं तर मालकाशी आधी बोला आणि बोअरवेलचे पाइप कुठे आहेत ते स्वतः चालून बघा.

आणि हातांची तयारी. शेपटीच्या चाकावर टेकून उभं राहणारं आणि धडाच्या खालच्या बाजूला पंख असलेलं एखादं विमान किमान पन्नास वेळा उतरवल्याशिवाय हरिकेनला हात लावू नका. टेकऑफला विमान डावीकडे ओढतं. थ्रॉटल हळू द्यायचा आणि उजवा रडर आधीच तयार ठेवायचा. इंजिन सुरू करताना दोन माणसं, चाकांपुढे विटा, बाजूला अग्निशामक आणि कोणाचाही हात प्रॉपेलरच्या पातळीत नाही.

पहिल्या उड्डाणाला वारा समोरून हवा, आडवा असेल तर चहा पिऊन परत या. पंखाचे बोल्ट दुसऱ्याकडून तपासून घ्या, ऐलरॉनची (पंखाच्या टोकाकडच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्यांची) दिशा मोठ्यानं बोलून तपासा. पहिल्या फेरीत चाकं वर घेऊ नका, फक्त उंचीवर जाऊन फ्लॅप (वेग कमी करायला पंखामागे खाली येणाऱ्या पट्ट्या) खाली घेतल्यावर नाक कुठे जातं ते बघा. सहा मिनिटांनी उतरवा, टाकीत किती उरलंय ते मोजा आणि बॅटऱ्यांचा व्होल्टेज वहीत लिहा.