नागपुरात घर बांधताय? स्लॅब पडण्याआधी ठरवून ठेवायच्या गोष्टी

नव्या घराचं विजेचं बिल कमी यावं म्हणून काय करायचं, असं विचारलं की बोलणं लगेच एसीच्या स्टारवर आणि सोलरवर येतं. नागपुरापुरतं माझं ठाम मत आहे, की बिलाचा मोठा हिस्सा त्याच्या कितीतरी आधी, नकाशा पक्का होताना आणि स्लॅब पडताना ठरून गेलेला असतो. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ पर्यंत उतरला होता. मधल्या पावसाळ्यात हवा इतकी दमट, की कूलर लावून नुसती चिकचिक होते. तिन्ही ऋतूंना पुरेल असं घर हवं असेल, तर कामं बांधकामाच्या क्रमाने वहीत लिहून काढा. प्रत्येक कामाची एक वेळ असते. ती टळली की तेच काम छिन्नी-हातोडा घेऊन करावं लागतं, नाहीतर कायमचं राहून जातं.

सगळ्यात आधी, आर्किटेक्टकडे जाण्याच्याही आधी, एप्रिल-मेमधल्या एखाद्या दुपारी चार वाजता प्लॉटवर जाऊन उभे राहा. होकायंत्राने पश्चिम कुठे आहे ते बघा. लेआउटचा रस्ता तिरपा असेल तर ‘आपला प्लॉट पश्चिममुखी आहे’ हे नुसतं अंदाजाने म्हटलेलं असतं. कुठल्या बाजूला शेजारचं घर आधीच उभं आहे, त्याची सावली कुठपर्यंत येते, कुठली बाजू मोकळी राहणार आहे, हे सगळं कागदावर उतरवा. बेसा, बेलतरोडी, हिंगणा रोड या बाजूच्या नव्या लेआउटमध्ये बरेचदा आजूबाजूचे प्लॉट रिकामे असतात. तिथे घराला चहूबाजूंनी ऊन लागतं, आणि शेजारी कधी बांधेल याच्या भरवशावर राहता येत नाही.

सूर्याचं गणित एकदा समजून घेतलं की पुढचे निर्णय सोपे होतात. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे मानले जाणारे नऊ दिवस, सुरू होतो तोही त्याच सुमारास. म्हणजे सर्वांत कडक उन्हाचा मारा भिंतींपेक्षा छतावर जास्त होतो. संध्याकाळकडे तोच सूर्य खाली येऊन पश्चिमेची भिंत तापवतो. डिसेंबरात मात्र तो दुपारीही दक्षिणेकडे ४५ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा दिला, तर एप्रिलमधलं दुपारचं ऊन बाहेर राहतं आणि थंडीत कोवळं ऊन आत येतं. पश्चिमेला हाच छज्जा निरुपयोगी आहे, कारण ऊन समोरून, आडवं येतं. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, खोल छपरी किंवा झाड लागतं, नाहीतर मोठी खिडकी देऊच नका.

आता वास्तूचा प्रश्न येईल, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. बहुतेक घरांत मोठ्यांचा आग्रह असतो, की घरातल्या कर्त्या माणसाची बेडरूम नैऋत्येला हवी. दुपारनंतर सगळ्यात जास्त तापणारा कोपराही तोच. आई-वडिलांशी वाद घालण्यापेक्षा खोली तिथेच ठेवून तिचा बंदोबस्त करा. पश्चिमेच्या पूर्ण भिंतीला आतून कपाटं करून घ्या, खिडकी दक्षिणेला काढा, आणि ती एक भिंत तरी पोकळी सोडून दुहेरी बांधा. जिना पश्चिमेला किंवा दक्षिणेला चालतो, असं वास्तू पाहणारे बहुधा सांगतातच. तो तिथे नेला की राहत्या खोल्यांना आपोआप आडोसा मिळतो. बाथरूम, स्टोअर याही जागा पश्चिमेकडे सरकवता आल्या तर सरकवा.

खिडक्यांबाबत एक आकडा लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात नागपूरसारख्या संमिश्र हवामानासाठी उघडता येणारी जागा चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के धरली आहे. म्हणजे हजार फुटांच्या घराला सव्वाशे फूट. यात ‘उघडता येणारी’ हा शब्द महत्त्वाचा. दोन पट्ट्यांच्या सरकत्या खिडकीत एका वेळी निम्मीच जागा मोकळी होते. दारासारखी उघडणारी खिडकी पूर्ण मोकळी होते, पण तिला मच्छरजाळी कशी बसवायची हे आधी ठरवावं लागतं. सगळ्या घराला सरसकट सरकत्या खिडक्या देण्याऐवजी झोपायच्या खोल्यांना तरी उघडणाऱ्या खिडक्या घ्या. प्रत्येक खोलीला समोरासमोर किंवा निदान लगतच्या दोन भिंतींत वाट असावी. जिन्यावरच्या खोलीत, छताजवळ, जाळीचे झरोके ठेवले तर रात्री गरम हवा वर चढून बाहेर पडते. एलिव्हेशनसाठी समोर मजलाभर काच लावायची सध्या फार हौस आहे. ती काच पश्चिमेला येत असेल तर कृपा करून नको म्हणा. आतून जाड पडदे लावले तरी ऊन काचेतून आत आलेलं असतं, आणि पडद्यानंतर ती उष्णता खोलीतच राहते. आडोसा काचेच्या बाहेर हवा.

नागपूरकरांसाठी माझ्या यादीत कूलरच्या खिडकीला वेगळं पान आहे. घराचा नकाशा काढताना तिचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि मग मार्चमध्ये ग्रिल कापून, थर्माकोल आणि चिकटपट्टी लावून कूलर बसवला जातो. एप्रिल-मेमधल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो. तो साधारण दीड-दोनशे वॅट घेतो, तर दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना दीड हजाराच्या आसपास. म्हणून त्याची सोय मनापासून करा. कूलरची खिडकी उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत असावी. तिचा खालचा भाग ग्रिलसकट कूलरच्या तोंडाच्या मापाने निघेल असा करून घ्या, म्हणजे पावसाळ्यात कूलर काढला की तीच खिडकी पूर्ण बंद होईल. वरच्या मजल्यावर बाहेर तीन फुटांचा ओटा स्लॅबमधूनच काढा आणि भरलेल्या टाकीचं वजन इंजिनिअरला सांगा. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो, कूलरचं वजन वेगळं. त्या ओट्यावर कॉकसकट अर्ध्या इंची पाण्याची लाइन, सांडपाणी बागेत नेणारा पाइप आणि खोलीच्या आत स्विच, या तीन गोष्टी हव्यात. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते: समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट. बंद खोलीत कूलर अर्ध्या तासात हवा दमट करून टाकतो, आणि मग दोष कूलरला दिला जातो.

भिंती. कोराडी आणि खापरखेडा इथली औष्णिक केंद्रं जवळ असल्याने आपल्याकडे राखेच्या विटा सहज मिळतात. त्या जरूर वापरा. सुपीक माती वाचते, भट्टी लागत नाही. पण त्यामुळे घर थंड राहील अशी अपेक्षा ठेवू नका, उष्णता अडवण्यात त्या मातीच्या विटेपेक्षा फारशा वेगळ्या नाहीत. तो फायदा एएसी ब्लॉकमध्ये, म्हणजे सिमेंटच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमध्ये आहे, कारण त्याच्या आत हवेची बारीक छिद्रं असतात. मात्र तो बांधायची रीत वेगळी आहे. सांध्याला पातळ थराचं तयार मिश्रण लागतं, साध्या रेती-सिमेंटने आणि घाईच्या प्लास्टरने भेगा पडतात. तुमच्या मिस्त्रीने आधी ब्लॉकचं काम केलेलं आहे का, ते एखाद्या साइटवर जाऊन बघा. केलेलं नसेल तर विटेचंच बांधकाम करा आणि पश्चिमेची भिंत तेवढी दोन इंचांची पोकळी ठेवून दुहेरी घ्या. नवख्या हातून झालेल्या एएसीपेक्षा मला ते जास्त पसंत आहे.

छतावर मात्र काटकसर करू नका. मे महिन्यात रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून स्लॅबला खालून हात लावून बघा. सूर्य मावळून तीन तास झाले तरी काँक्रीट कोमट नाही, चांगलं गरम लागतं. दिवसभर साठवलेली उष्णता ते झोपलेल्या माणसांवर सोडत असतं, आणि पंखा तीच हवा फिरवतो. संहितेने छतातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे: छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते ते सांगणारा आकडा, १.२ पेक्षा जास्त नसावा. उघड्या आरसीसी स्लॅबचा तो याच्या दुपटीहून जास्त असतो. स्लॅबवर दोन इंची एक्सपीएस शीट (थर्माकोलसारखी, पण घट्ट फोमची) टाकून वर कोबा, म्हणजे गच्चीचा काँक्रीटचा थर केला, तर तो मर्यादेच्या बराच खाली येतो. क्रम असा ठेवा: स्लॅब, वॉटरप्रूफिंग, शीट, कोबा, आणि सर्वांत वर पांढरे चायना मोझॅइकचे तुकडे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, शीट उरलेली उष्णता अडवते. दोन्हींचं काम वेगळं आहे. ढाळ आणि पावसाच्या पाण्याची तोंडं शीट टाकण्याआधी ठरवा. पैसे कमी पडत असतील तर निदान पांढरा थर तरी कराच. दर वर्षी मार्चमध्ये गच्ची धुऊन चुन्याचे दोन हात दिले तरी फरक कळतो. आतून पीओपीचं फॉल्स सीलिंग करून हेच साधेल असं कोणी सांगितलं तर थांबा. स्लॅब तर तापलेलाच असतो, मध्ये हवेचा एक थर तेवढा येतो. पाण्याची टाकीही याच पानावर लिहा. काळी टाकी उन्हात ठेवली की मे महिन्यात नळाच्या पाण्याने हात भाजतो. पांढरी घ्या आणि तिच्यावर पत्र्याची सावली करा.

स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी वायरमन, प्लंबर आणि इंजिनिअर तिघांनाही एकाच वेळी साइटवर बोलवा. गच्चीपासून मीटरपर्यंत सोलरच्या वायरसाठी रिकामा पाइप, सोलर वॉटर हीटरच्या गरम पाण्यासाठी छिद्र, एसीच्या पाण्याची लाइन बाथरूमपर्यंत उताराने, पार्किंगमध्ये गाडी चार्ज करायला १६ अँपिअरची वेगळी लाइन. हे पाइप आज रिकामे राहिले तरी चालतील. गरम पाण्याची लाइन लांब गेली की दर आंघोळीला बादलीभर गार पाणी वाया जातं, म्हणून हीटर बाथरूमच्या शक्यतो वरच येऊ द्या आणि लाइनला आवरण घाला. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतो, हे विक्रेत्याला आधीच सांगून त्याप्रमाणे हीटर निवडा.

गच्चीवर पॅनेलची जागा नकाशातच राखून ठेवा. पश्चिमेचा जिना उत्तरेच्या टोकाला नेला आणि टाकीही उत्तरेकडे ठेवली तर दक्षिण मोकळी राहते आणि पॅनेलवर सावली पडत नाही. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये, आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरलं. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर चालू नियम आणि नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी बघूनच सही करा. पॅनेल थोडी उंच बसवली तर खालच्या स्लॅबला सावलीही मिळते. पण नागपुरातली मे-जूनमधली वादळं ध्यानात ठेवा. सांगाड्याचे बोल्ट स्लॅबमध्येच बसवून घ्या, नुसत्या कोब्यात ठोकू नका.

उपकरणांवर फार लिहीत नाही, ती नंतरही बदलता येतात. पंख्यांचं मात्र बघा. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसेक. पाच पंखे रोज बारा तास चालले तर दिवसाला अडीच युनिटांहून जास्त वाचतात, आणि आपल्याकडे पंखे आठ महिने तरी बंद होत नाहीत. एसी घेताना स्टारसोबत लेबलवरचं वर्षही वाचा, कारण स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या वर्षाचे पाच स्टार नव्या हिशेबात कमी भरतात. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका. फ्रिजही त्या भिंतीला चिकटवू नका.

अंगणातली सगळी जागा पेव्हर ब्लॉकने मढवू नका. पश्चिमेच्या मोकळ्या पट्टीत करंज लावायचा तर पायाभरणीच्या वेळीच लावा, म्हणजे घर होईपर्यंत तो एक पावसाळा पुढे गेलेला असेल. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे मोठं होणारं झाड भिंतीपासून पुरेसं लांब हवं. लहान प्लॉटवर तेवढं अंतर मिळत नसेल तर मांडव घालून त्यावर वेल चढवा.

प्लास्टर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा: कुठला पाइप कोपऱ्यापासून किती फुटांवर आणि जमिनीपासून किती उंचीवर गेला आहे, ते फोटोत दिसलं पाहिजे. बांधकामासाठी घेतलेला तात्पुरता वीजपुरवठा संपवून महावितरणकडे कायम जोडणीचा अर्ज कराल, तेव्हा मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येईल ती मर्यादा) मागताना एसी, पंप, गाडीचं चार्जिंग आणि पुढे बसवायचं सोलर किती किलोवॉटचं, हे सगळं धरा. कमी भार घेतला तर पुढे तो वाढवून घ्यायचं काम मागे लागू शकतं. मीटरच्या पेटीतही नेट मीटर (घेतलेली आणि सोलरची परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) आणि सोलरच्या स्विचसाठी जागा सोडायला वायरमनला तेव्हाच सांगा.